एंटिटी डेटा मॉडेलमधील मॅपिंग त्रुटी

एंटिटी डेटा मॉडेलमधील मॅपिंग त्रुटी म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एंटिटी फ्रेमवर्क या ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग साधनात, प्रोग्रॅममधील क्लास आणि डेटाबेसमधील टेबले यांची सांगड नीट बसत नसल्याचे दर्शविणाऱ्या त्रुटी होत. त्यांपैकी अनेक त्रुटी प्रोग्रॅम चालविण्यापूर्वी, मॉडेलची पडताळणी होतानाच दिसतात. मॉडेलनुसार साठवलेली माहिती परत वाचताना जशीच्या तशी मिळेल याची खात्री देता येत नाही, असा या त्रुटींमधील महत्त्वाच्या गटाचा अर्थ असतो. म्हणून त्रुटीचा संदेश नाहीसा करणे आणि त्रुटीचे कारण दूर करणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

पार्श्वभूमी

एडगर कॉड यांनी १९७० साली डेटाबेसचे रिलेशनल मॉडेल मांडले. या मॉडेलमध्ये माहिती टेबलांतील ओळींच्या रूपात साठवली जाते आणि दोन टेबलांमधील नाते सामायिक मूल्यांद्वारे व्यक्त होते. ऑब्जेक्टाधिष्ठित प्रोग्रॅमिंगमध्ये मात्र एक ऑब्जेक्ट दुसऱ्या ऑब्जेक्टचा थेट संदर्भ बाळगतो, तसेच एका क्लासपासून दुसरा क्लास वारशाने तयार होतो. या दोन मांडण्यांमधील अंतर भरून काढण्यासाठी ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंगची साधने निर्माण झाली. जावा भाषेसाठी हायबरनेट हे साधन २००१ साली सुरू झाले. एंटिटी फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००८ मध्ये डॉटनेट फ्रेमवर्क ३.५ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकसोबत प्रसिद्ध झाली. तिच्यातील एंटिटी डेटा मॉडेलची कल्पना पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या एंटिटी-रिलेशनशिप मॉडेलवर आधारलेली आहे.

मॉडेलची रचना

एंटिटी फ्रेमवर्कच्या डिझायनरमध्ये तयार केलेले मॉडेल ईडीएमएक्स या प्रकारच्या एक्सएमएल फाइलमध्ये साठवले जाते. या फाइलचे तीन मुख्य भाग असतात.

१. संकल्पनात्मक भाग (सीएसडीएल) : प्रोग्रॅमला दिसणाऱ्या एंटिटी, त्यांचे गुणधर्म व परस्परसंबंध.
२. साठवणीचा भाग (एसएसडीएल) : डेटाबेसमधील टेबले, स्तंभ, प्रायमरी की व फॉरेन की यांचे वर्णन.
३. मॅपिंगचा भाग (एमएसएल) : पहिल्या भागातील कोणता गुणधर्म दुसऱ्या भागातील कोणत्या स्तंभाशी जोडला आहे याची नोंद.

यांशिवाय आकृतीतील चौकटींची जागा नोंदवणारा मजकूरही पूर्वी याच फाइलमध्ये असे. त्याचा मॅपिंगशी संबंध नसतो. बहुतेक मॅपिंग त्रुटी वरील तीन भागांपैकी एक बदलला आणि इतर दोन जुनेच राहिले, यातून उद्भवतात.

पडताळणीचे तत्त्व

मॅपिंगच्या नोंदींवरून एंटिटी फ्रेमवर्क दोन प्रकारचे व्ह्यू तयार करते. क्वेरी व्ह्यू टेबलांवरून ऑब्जेक्ट कसे घडवायचे हे सांगतो, तर अपडेट व्ह्यू ऑब्जेक्टमधील बदल टेबलांत कसे लिहायचे हे ठरवतो. हे दोन व्ह्यू एकमेकांना पूरक असणे आवश्यक असते. अपडेट व्ह्यूने लिहिलेले ऑब्जेक्ट क्वेरी व्ह्यूने वाचल्यास मूळ ऑब्जेक्टच मिळाले पाहिजे. या अटीला राउंड-ट्रिप म्हणजे जाऊन परत येण्याची अट म्हणतात. सर्गेई मेल्निक, अतुल अड्या आणि फिलिप बर्नस्टीन यांनी २००७ मधील शोधनिबंधात या पद्धतीचे सैद्धांतिक विवेचन केले आहे.

ही पडताळणी केवळ मॉडेलच्या तीन भागांची आपसांत होते. प्रत्यक्ष डेटाबेसशी तुलना केली जात नाही. मॉडेल तयार झाल्यानंतर डेटाबेसमधून एखादा स्तंभ काढून टाकला, तरी पडताळणी यशस्वी होते आणि दोष प्रोग्रॅम चालताना, क्वेरी पाठवल्यावरच उघड होतो.

प्रमुख त्रुटी

११००७, ११००८ आणि ११००९ : अनुक्रमे एंटिटी, संबंध किंवा गुणधर्म यांचे मॅपिंग झालेले नाही. डेटाबेसवरून मॉडेल अद्ययावत करण्याची आज्ञा दिल्यावर साठवणीचा भाग नव्याने लिहिला जातो, परंतु डेटाबेसमधून वगळलेल्या स्तंभाचा गुणधर्म संकल्पनात्मक भागातून आपोआप काढला जात नाही. असा मागे उरलेला गुणधर्म हे ११००९ या त्रुटीचे नेहमीचे कारण आहे. गुणधर्म खरोखर अनावश्यक असल्यास तो काढावा. स्तंभाचे केवळ नाव बदलले असल्यास गुणधर्म नव्या स्तंभाशी जोडावा.

२०१९ : गुणधर्माचा प्रकार आणि स्तंभाचा प्रकार परस्परांशी सुसंगत नाहीत. डेटाबेसमधील ३२ बिटांचा पूर्णांक स्तंभ ६४ बिटांचा केल्यावर संकल्पनात्मक भागातील प्रकार जुनाच राहिला, की ही त्रुटी येते.

३००४ : एखाद्या एंटिटीच्या काही गुणधर्मांचे मॅपिंग नसल्यामुळे तिची राउंड-ट्रिप होणार नाही. वारसा वापरलेल्या मॉडेलमध्ये ही त्रुटी विशेषतः आढळते.

३००७ : प्रायमरी कीमध्ये नसलेला एकच स्तंभ मॅपिंगच्या दोन तुकड्यांमध्ये वेगवेगळ्या गुणधर्मांशी जोडला आहे. ग्रंथालयाच्या डेटाबेसमधील 'ग्रंथ' टेबलात 'प्रकाशकक्रमांक' हा स्तंभ आहे असे समजू. मॉडेलमध्ये हा स्तंभ 'प्रकाशकक्रमांक' या साध्या गुणधर्माशी जोडला आणि 'ग्रंथ–प्रकाशक' या संबंधाशीही स्वतंत्रपणे जोडला, तर प्रोग्रॅम गुणधर्मात ५ आणि संबंधात ७ क्रमांकाचा प्रकाशक ठेवू शकतो. स्तंभात यांपैकी कोणते मूल्य लिहावे हे ठरवता येत नाही. पहिल्या आवृत्तीत यावर उपाय म्हणून साधा गुणधर्म काढावा लागे. २०१० मध्ये डॉटनेट फ्रेमवर्क ४ सोबत फॉरेन कीवर आधारित संबंधांची सोय झाली. तिचा वापर करताना संबंधावर रेफरेन्शियल कन्स्ट्रेंट नोंदवून त्याचे वेगळे मॅपिंग काढून टाकले जाते. हायबरनेटमध्ये हाच दोष 'मॅपिंगमध्ये स्तंभाची पुनरावृत्ती' या आशयाच्या संदेशाने दर्शविला जातो.

३०२३ : नल मूल्य न स्वीकारणाऱ्या आणि पूर्वनिर्धारित मूल्य नसलेल्या स्तंभाचे मॅपिंग केलेले नाही. अशा टेबलात नवी ओळ लिहिता येणार नाही.

३०२४ : प्रायमरी कीच्या सर्व गुणधर्मांचे मॅपिंग झालेले नाही.

६००२ आणि ६०१३ : टेबलाला किंवा व्ह्यूला प्रायमरी की नाही. ६००२ मध्ये साधन स्वतःच की अनुमानाने ठरवते आणि ते टेबल केवळ वाचनापुरते मॉडेलमध्ये घेते. ६०१३ मध्ये अनुमानही शक्य नसल्याने टेबल वगळले जाते.

सूचनेकडे दुर्लक्ष केल्याचे परिणाम

६००२ ही त्रुटी नसून सूचना असल्यामुळे प्रोग्रॅम पुढे चालतो. परंतु तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास चुकीची माहिती दिसू शकते. ग्रंथालयातील देवघेवीच्या एका व्ह्यूमध्ये सभासदक्रमांक, ग्रंथक्रमांक आणि परतीची तारीख हे तीन स्तंभ असून केवळ परतीच्या तारखेत नल मूल्य चालते असे मानू. साधन नल मूल्य न चालणाऱ्या पहिल्या दोन स्तंभांची मिळून की ठरवते. एका सभासदाने तोच ग्रंथ दोनदा नेला असून पहिल्यांदा परत केला, पण दुसऱ्यांदा अद्याप परत केलेला नसेल, तर दोन्ही ओळींची की सारखीच ठरते. ऑब्जेक्टचा मागोवा ठेवणारे एंटिटी फ्रेमवर्क त्यांना एकच ऑब्जेक्ट समजते आणि आधी वाचलेली ओळच दोनदा दाखवते. परत केल्याची ओळ आधी वाचली गेल्यास सभासदाकडे असलेला ग्रंथही जमा झालेला दिसतो. यात कोणताही त्रुटीसंदेश येत नाही. प्रत्येक ओळ निश्चितपणे ओळखता येईल असा स्तंभ व्ह्यूमध्ये समाविष्ट करून तोच की म्हणून ठरवणे हा यावरील उपाय आहे.

दोन टेबलांना जोडणाऱ्या टेबलाबाबतही असाच प्रश्न उद्भवतो. ग्रंथ आणि लेखक यांना जोडणाऱ्या टेबलात दोन्ही फॉरेन की मिळून प्रायमरी की केलेली असल्यास मॉडेलमध्ये ते अनेक-ते-अनेक संबंध म्हणून दिसते. प्रायमरी की नसल्यास ते केवळ वाचनापुरते घेतले जाते आणि ग्रंथाला नवा लेखक जोडून माहिती साठवताना प्रोग्रॅम अयशस्वी होतो. येथे दुरुस्ती मॉडेलमध्ये नव्हे, तर डेटाबेसमध्ये करावी लागते. त्यानंतर ते टेबल मॉडेलमधून काढून पुन्हा समाविष्ट केले जाते.

निदान व निवारण

मॅपिंग त्रुटींचे निदान सामान्यतः पुढील क्रमाने केले जाते.

१. फाइलची प्रत सुरक्षित ठेवून ती एक्सएमएल संपादकात उघडली जाते. ३००० च्या श्रेणीतील संदेशांत दिलेला ओळक्रमांक मॅपिंगच्या भागातील संबंधित तुकडा दर्शवतो.
२. तो स्तंभ प्रत्यक्ष डेटाबेसमध्ये, साठवणीच्या भागात आणि संकल्पनात्मक भागात कसा आहे हे क्रमाने ताडून पाहिले जाते. जेथे वर्णन बदलते, तेथे दोषाचे मूळ असते.
३. डेटाबेस योग्य असल्यास मॉडेल अद्ययावत केले जाते. साठवणीच्या भागात हाताने केलेले बदल या वेळी पुसले जातात, त्यामुळे त्यांची वेगळी नोंद ठेवणे आवश्यक असते.
४. 'मॅपिंग डिटेल्स' या खिडकीत गुणधर्म व स्तंभ यांच्या जोड्या दुरुस्त करून मॉडेलची पुन्हा पडताळणी केली जाते. एका चुकीमुळे अनेक संदेश येऊ शकतात, म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर पडताळणी करणे सोयीचे ठरते.
५. शेवटी एक ऑब्जेक्ट साठवून ते नव्या कॉन्टेक्स्टमधून वाचले जाते आणि मूळ ऑब्जेक्टशी त्याची तुलना केली जाते. जुन्याच कॉन्टेक्स्टमधून वाचल्यास स्मृतीतील ऑब्जेक्ट परत मिळते आणि चाचणी निरर्थक ठरते.

त्रुटी देणारी एंटिटी मॉडेलमधून काढून पुन्हा समाविष्ट करण्याचा मार्गही वापरला जातो. त्यामुळे संदेश नाहीसा होतो, मात्र गुणधर्मांना दिलेली नावे, वारसा आणि हाताने जोडलेले संबंध नष्ट होतात.

नंतरची स्थिती

२०११ मध्ये एंटिटी फ्रेमवर्क ४.१ सोबत आलेल्या कोड फर्स्ट पद्धतीत क्लासवरूनच मॉडेल तयार होऊ लागले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये ईडीएमएक्स फाइल वापरली जात नाही. त्यामुळे त्या फाइलशी निगडित त्रुटी तेथे दिसत नाहीत. तथापि मॉडेल व डेटाबेस यांतील तफावत कायम राहू शकते. ती बहुधा प्रोग्रॅम चालताना, स्तंभाचे नाव अवैध असल्याच्या डेटाबेसकडून आलेल्या संदेशातून कळते. डेटाबेसमधील बदल मायग्रेशनद्वारेच करणे आणि लिहिलेली माहिती परत वाचून पाहणाऱ्या चाचण्या ठेवणे, हे यावरील प्रचलित उपाय आहेत.

हेही पाहा

रिलेशनल डेटाबेस
ऑब्जेक्टाधिष्ठित प्रोग्रॅमिंग
एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल
हायबरनेट