तेलाचा हात आणि दुखण्याची जात

रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत उतरलेली बाई सकाळी वाकते ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत फारशी सरळ होत नाही. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हाताने तीन-चार काड्या चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागे सरकायचे. पायाखाली चिखल, वरून पाऊस, आणि ओळ चुकू द्यायची नाही. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या झाडीपट्टीत, विशेषतः चंद्रपूरच्या पूर्वेकडील तालुक्यांत आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, कंबरदुखीचा विचार या हालचालीपासून सुरू करावा लागतो.

माणूस कमरेतून पूर्ण वाकला की कण्यालगतचे स्नायू जवळजवळ काम थांबवतात. धडाचा भार मग मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि मधल्या चकत्या यांच्यावर येतो. हे अस्थिबंध तासन् तास ताणले गेले की थोडे लांबतात आणि लगेच मूळ लांबीवर परतत नाहीत. संध्याकाळी बांधीबाहेर आलेल्या बाईला ताठ उभे राहायला वेळ लागतो, तो यामुळे. रोवणी संपली तरी वाकणे संपत नाही. पुढे कापणी आणि बांधणी येते, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली उकिडवे बसून मोहफुले वेचायची असतात, मग मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता. पाने तोडून झाली की घरी बसून त्यांचे पुडे बांधायचे. सरपणाच्या मोळीचा भार वर्षभर मानेवर असतोच. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा या कोळसा पट्ट्यात दुखण्याचे कारण वेगळे: खाणीतले डंपर चालवणाऱ्याच्या कण्याला खड्ड्याखड्ड्यातून मिळणारे हादरे.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. ताजे दुखणे धोक्याची सूचना देते. जुनाट दुखण्यात मूळ इजा भरून आली तरी मज्जासंस्था हळवी झालेली राहते आणि साध्या ताणालाही दुखणे म्हणून वाचते. जगात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ही खुर्चीत बसणाऱ्यांची व्याधी आहे हा शहरी समज मात्र खरा नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या गावांत घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा कंबर, गुडघे आणि सांधे यांचे दुखणे हा तिथला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे पुढे आले. मुंबईचे मणकेतज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी ‘सर्च’च्या शोधग्राम येथील रुग्णालयात मणक्याच्या शस्त्रक्रिया करायला येऊ लागले, त्याच्या मुळाशी हीच गरज होती.

या दुखण्यावर घरातला पहिला उपाय तेलाचा. जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचे, म्हणजे टोरीचे तेल हाताशी असते. थंडीत ते तुपासारखे थिजते, म्हणून वाटी चुलीच्या कडेला ठेवावी लागते. करंजीचे, तिळाचे, जवसाचे तेलही चालते. वेदनेच्या जागी रुईचे किंवा एरंडाचे पान तेल लावून, गरम करून बांधतात. निर्गुडीच्या पाल्याचा शेक देतात. बाळंतिणीला आणि बाळाला चोळण्याचा मान सुईणीचा. पाठीत उसण भरली तर पायाळू माणूस शोधून त्याचा पाय पाठीवरून फिरवून घेण्याची चाल महाराष्ट्रभर होती. जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याच्या पायात गुण, असा तो हिशेब. उसण बहुधा काही दिवसांत आपोआप उतरते, त्यामुळे पायाळूचे यश सहसा हुकत नसे. शेजारच्या बस्तरमधील मुरिया समाजावर व्हेरियर एल्विन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घोटुल या युवागृहातल्या मुली मुलांचे केस विंचरतात, हातपाय रगडतात याची तपशीलवार नोंद आहे. तिथे मालीश उपचार नव्हता, शिष्टाचार होता. दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंग हेही त्याच घराण्यातले. आयुर्वेदाने तेल लावणे रोजच्या दिनचर्येत घातले आणि अजीर्ण झालेल्याला ते वर्ज्यही केले. वर्षातून एकदाच अंगाला तेल लावणारी पिढी या दोन्ही नियमांपासून सारखीच दूर आहे.

चोळल्याने बरे का वाटते, याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये दिले. स्पर्श आणि दाब यांचे संदेश जाड, वेगवान तंतूंतून मेरुरज्जूपर्यंत येतात आणि बारीक तंतूंतून येणाऱ्या वेदनेच्या संदेशांना तिथेच अडवतात. जणू फाटकावर आधी पोचलेल्याने मागच्याची वाट रोखली. ढोपर आपटले की माणूस न शिकवता ते चोळतो, ते यासाठीच. या सिद्धान्तात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला. याखेरीज केसाळ त्वचेत असे तंतू आहेत, की जे सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या संथ गतीच्या स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. बाळाच्या पाठीवरून आईचा हात जवळपास याच गतीने फिरतो. ‘चोळल्याने लॅक्टिक आम्ल निघून जाते’ हे मात्र मालीशवाल्यांचे आवडते, पण चुकीचे स्पष्टीकरण आहे. श्रमानंतर ते आम्ल तासाभराच्या आसपास रक्तातून आपोआप कमी होते. दुसऱ्या दिवशी ठणकणाऱ्या मांड्यांशी त्याचा संबंध नाही.

पुरावा किती? वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात कंबरदुखीवरील मालीशच्या २५ चाचण्या, एकूण ३०९६ रुग्ण, एकत्र तपासल्या गेल्या. निष्कर्ष असा की थोड्या काळापुरता आराम पडतो, दीर्घकाळाचा फायदा फारसा दिसत नाही, आणि चाचण्यांचा दर्जा बेताचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. तिने व्यायाम, रुग्णाला दुखणे समजावून सांगणे आणि मालीश यांना उपचारांत जागा दिली. कमरेचे पट्टे, वजन लावून ओढणे, अल्ट्रासाउंडचा शेक हे सरसकट वापरू नयेत असे सांगितले. गावातल्या आजीला आणि जिनिव्हातल्या समितीला एकच गोष्ट पटल्याचे असे प्रसंग थोडे. मालीशने मिळालेल्या त्या थोड्या वेळाच्या सैलपणात चालणे आणि पाठीचे व्यायाम करून घेतले तर उपयोग टिकतो. नुसते पडून राहिले तर तेल तेवढे खर्च होते.

चोळणाऱ्याच्या हाताला मात्र एक गोष्ट कळत नाही. ‘कंबर दुखते’ किंवा ‘अंग ठणकते’ या एकाच तक्रारीखाली या दोन जिल्ह्यांत निरनिराळ्या जातींची दुखणी दडलेली असतात. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. ओटीपोटातल्या संसर्गाने दुखणारी कंबर कितीही रगडली तरी दुखतच राहते.

सर्वांत जपून हात लावावा असे दुखणे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे. मध्य भारतात त्याच्या खुणा नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच नोंदवल्या होत्या. पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि दलित समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पुढच्या हाडामांसाला रक्त पोचत नाही. कळ हाडातून येते. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाचे हातपाय अचानक सुजून टरारतात तेव्हा ते पडले असेल किंवा त्याला थंडी बाधली असेल असे समजून घरचे तेलाने चोळत बसतात. खरे तर ती या आजाराची पहिली ओळख असू शकते. मोठ्या वयात खुब्याच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी मरतो आणि लंगडणारा तरुण वर्षानुवर्षे ‘वात’ म्हणून मांडी रगडून घेतो.

सिकलसेलची कळ पेटवणाऱ्या गोष्टी म्हणजे थंडी, अतिश्रम, शरीरातले पाणी कमी होणे, ताप. रोवणीत यातल्या दोन तरी रोज भेटतात: पाऊसपाण्यात दिवसभर भिजणे आणि ताकदीपलीकडचे काम. तेंदूच्या हंगामात तिसरी भेटते, कारण चाळीस अंशांपुढच्या उन्हात पाण्याचा कॅन लांब कुठेतरी राहिलेला असतो. अशा वेळी भरपूर पाणी, ऊब, वेदनाशामक औषध आणि वेळेत दवाखाना हे उपचाराचे खरे टप्पे. कोमट तेलाचा हलका हात चालतो, त्याने ऊब आणि धीर दोन्ही मिळतात. बर्फ लावू नये. सुजलेल्या, तापलेल्या जागेवर जोर देऊ नये. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने कळांची संख्या घटते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तिचा भर रक्ततपासणीवर आहे, आणि ते योग्यच आहे, कारण ज्याला आपला आजार माहीत नाही तो मालीशवाल्याकडेच जाणार.

चंद्रपूर जिल्ह्यात दुखणे विहिरीतूनही येते. भूजलातले फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर गेले आणि तसेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की आधी दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. प्रमाण फार असेल तर पुढे हाडे जड होतात, अस्थिबंधांत चुना साचतो. त्याची ओळख पटवण्याच्या तीन सोप्या चाचण्यांना यंत्र लागत नाही. गुडघे न वाकवता जमिनीवरचे नाणे उचलून पाहायचे, हनुवटी छातीला टेकवायची, दोन्ही हात डोक्यामागे न्यायचे. कण्याचा ताठरपणा या तिन्ही ठिकाणी उघडा पडतो. इथे उपाय पाणी बदलण्याचा आहे. तेल कितीही चोळले तरी साचलेला चुना विरघळत नाही. हत्तीपायाचे रुग्णही या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यात पाय रोज साबणाने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, पाय उंच घेणे आणि घोट्याची हालचाल यांना महत्त्व. लाल होऊन ताप आलेल्या पायाला जोरात रगडणे म्हणजे आगीत तेल. पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप आणि उतरणारे वजन असेल तर कण्याचा क्षय डोळ्यांपुढे यायला हवा, आणि पायांत बधिरपणा येऊन लघवीचा ताबा सुटला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते.

तेलाने भागले नाही की काहीजण बिब्ब्याकडे वळतात. त्याचा काळा रस त्वचेवर फोड आणतो, आणि फोडाच्या आगीत मूळचे दुखणे काही काळ विसरले जाते. बाजारातले झोंबरे बामही त्याच तत्त्वावर चालतात, फक्त सौम्यपणे. तिसरी पायरी गोळीची किंवा सुईची. डायक्लोफेनॅक स्वस्त आहे, लवकर गुण देते, पण उपाशीपोटी महिनोन् महिने घेतल्यास जठराला व्रण पाडते आणि मूत्रपिंडे बिघडवते. या औषधाने या जंगलात एक वेगळाच बळी घेतला. औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, आणि गडचिरोलीच्या वनविभागाला उरल्यासुरल्या गिधाडांसाठी सुरक्षित मांसाची उपाहारगृहे चालवावी लागली.

या सगळ्याची उलटी बाजू वरोऱ्याजवळच्या आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या केंद्रात दिसते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली ती अशा माणसांसाठी, ज्यांच्या हातापायांतले दुखणेच हरवले होते. कुष्ठरोगात परिघीय नसा मरतात. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने झडत नाहीत. न कळलेल्या चटक्यांनी, खड्यांनी, दाबाने ती झिजतात, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. वेदना ही देणगी आहे असे ते म्हणत. विरोधाभास असा की हे केंद्र उभारणाऱ्या बाबांच्याच वाट्याला ती देणगी भरभरून आली होती. कण्याच्या विकाराने त्यांना बसणे अशक्य झाले. ते उभे राहू शकत किंवा आडवे पडू शकत. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघालेल्या ‘भारत जोडो’ यात्रेत तरुण सायकलवर होते आणि सत्तरी गाठलेले बाबा बसमधल्या बिछान्यावर.

बधिर पायालाही तेल लागते, पण वेगळ्या कारणाने. नस मेली की घामाच्या ग्रंथी बंद पडतात, त्वचा सुकून भेगाळते, आणि भेगेतून जंतू आत शिरतात. म्हणून रोज वीसेक मिनिटे पाय साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे. पाणी गरम करायचे नाही. चटका बसल्याचे पायाला कळणार नसते. मऊ झालेली जाड कातडी खडबडीत दगडाने हळूच घासायची, पाय पूर्ण न पुसता त्यावर तेल किंवा व्हॅसलीन लावायचे, म्हणजे आत मुरलेले पाणी आतच राहते. हे करताना तळवा उजेडाकडे वळवून काटा, फोड, लाली शोधायची. बाकीच्यांच्या बाबतीत हे शोधण्याचे काम वेदना करते. इथे ते डोळ्यांना करावे लागते, आणि दिसत कमी असेल तर शेजारच्याच्या डोळ्यांना.