चावडीवर वाचलेला सातबारा

ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याची जमीन, असे गावोगाव मानतात. कायदा इतके पुढे जात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५७ एवढेच म्हणते की, अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरावी. या ‘उलट सिद्ध होईपर्यंत’वर भावाभावांच्या दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. म्हणून सातबारा संगणकावर आला याचे कौतुक करण्याआधी, जे आले ते बरोबर आहे का, हे विचारायला हवे.

जमिनीच्या नोंदी संगणकात घालण्याची केंद्राची योजना १९८८-८९ पासूनची. कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे २ कोटी उतारे भरून या शतकाच्या सुरुवातीलाच हस्तलिखित उतारा मोडीत काढला. आपल्याकडे उतारे अडीच कोटींच्या घरात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला तो १ मे २०१८ रोजी. तलाठ्याच्या सहीशिक्क्यावाचून, १५ रुपयांत. नुसता डोळ्यांखालून घालायचा तर फुकट.

मधल्या काळात गाडे अडले होते ते चुकांवर. जुन्या दप्तरात कुठे एकर-गुंठे, कुठे आणेवारीने हिस्से, नव्यात हेक्टर-आर. दशांश चिन्ह एक घर सरकले की ४० आरांचे ४ हेक्टर होतात. शिवाय नमुना ७ वरचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळली नाही तर संगणक हटून बसतो. कागदावर ती तफावत वर्षानुवर्षे बिनबोभाट खपली होती. म्हणजे सगळा दोष टंकनाचा नव्हता. दप्तरातलेच जुने घोळ वर आले. ते निस्तरायला तलाठी लॅपटॉप घेऊन बसले, आणि दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री जागले.

पण तलाठ्याला घोळ कळणार कसा? गट कोणाचा, हे गावाला माहीत असते. २०१७ मध्ये त्यासाठी चावडी वाचनाची मोहीम निघाली. गाव जमवायचे, संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा, चूक निघेल ती टिपून घ्यायची. असल्या वाचनात काय काय निघते! खातेदार कधीच वारलेला असतो, वारस लागलेले नसतात. सोसायटीचे कर्ज फिटलेले असते, पण इतर हक्कात बोजा तसाच. विहिरीतला सामाईक हिस्सा गायब. लेखनप्रमाद असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्ती होते. बाकीच्यांना रीतसर फेरफार. सबंध प्रकल्पात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच पायरी, आणि जाहिरात तिचीच सर्वांत कमी झाली. सॉफ्टवेअरला बेरीज तपासता येते, धाकट्या भावाचे नाव राहून गेले हे त्याला कोण सांगणार?

नमुना १२ चे, म्हणजे पिकांच्या नोंदीचे, वळण निराळे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर आली आणि तलाठ्याचे काम शेतकऱ्याच्या हाती गेले. बांधावर उभे राहायचे, मोबाइलवर पीक निवडायचे, फोटो काढायचा. तलाठ्याने १० टक्के नोंदी पडताळायच्या. कल्पना चांगली. ओसरीवर बसून अंदाजपंचे पेरा भरण्याची जुनी रीत कोणाला ठाऊक नाही? पण नोंद करण्याची मुभा हळूहळू अट बनते, हे पुढे दिसले. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरांपर्यंत, जाहीर झाले, आणि त्याला ई-पीक पाहणीची नोंद हवी असे ठरले. पीक घेतले पण ॲपवर नोंद नाही, असे शेतकरी बाहेर राहू लागले. ओरड झाल्यावर अट सैल करून सातबाऱ्यावरचा पेराही ग्राह्य धरावा लागला. ज्याच्या शिवारात रेंज नाही, त्याचा कापूस काही कमी पांढरा नसतो.

नोंदी उघड्या झाल्या की त्या सगळेच वाचतात, हेही विसरू नये. सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बंगळूरच्या आसपास ‘भूमी’चा अभ्यास केला. लाच कमी होण्याऐवजी वाढली आणि मोठ्या खरेदीदारांना जमिनी गिळणे सोपे झाले, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्या पुण्या-पनवेलच्या पट्ट्यात चित्र वेगळे असेल असे मानायला मला तरी कारण दिसत नाही. दलालाला गट नंबर पाठ असतो; मालक मुंबईत, आणि उतारा शेवटचा कधी पाहिला हे त्याला आठवत नाही.

तेव्हा या दिवाळीत भावंडे एकत्र जमली की आपल्या गटाचा सातबारा आणि ८-अ काढा आणि सर्वांसमोर वाचा. नावे, क्षेत्र, इतर हक्क, बोजा. बहिणींची नावे आहेत का तेही पाहा. राज्य सरकारच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावात चालू असलेल्या फेरफारांच्या नोटिसा घरबसल्या दिसतात, त्यावरही नजर ठेवा. हरकत घ्यायला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस असतात.