हायड्रोजनची गाडी पाण्यावर चालत नाही

पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपली एनसीएल, आणि पुण्याचीच केपीआयटी कंपनी. यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या हायड्रोजन मोटारीच्या चाचण्या ऑक्टोबर २०२० मध्ये झाल्या, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात बसही लोकांसमोर आली. तेव्हापासून ‘आता पाण्यावर गाड्या चालणार’ हे वाक्य कट्ट्यांवर ऐकू येतं.

ते चूक आहे. पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन. त्यात इंधन म्हणून काही उरलेलंच नसतं. ऊर्जा बाहेरून आणावी लागते, समजा उन्हातून. सौर पॅनेलच्या विजेने इलेक्ट्रोलायझरमध्ये पाणी फोडायचं, सुटलेला हायड्रोजन दाबाखाली टाकीत भरायचा. गाडीतल्या फ्युएल सेलमध्ये तो हवेतल्या ऑक्सिजनला पुन्हा भेटतो, वीज तयार होते, मोटर फिरते आणि मागून पाणी बाहेर पडतं. थोडक्यात, हीसुद्धा विजेचीच गाडी.

मग लगेच पुढचा बेत तयार असतो: गच्चीवर पॅनेल आहेतच, घरीच टाकी भरू! जरा हिशोब मांडू. एक किलो हायड्रोजन बनवून तो दाबाखाली भरायला साधारण ५५ युनिट वीज लागते. तीन किलोवॉटचा सौर संच पुण्यात वर्षाच्या सरासरीने दिवसाला १२ युनिट देतो, आषाढ-श्रावणात त्याहून कमी. म्हणजे किलोभर हायड्रोजनला साडेचार दिवस, तेही घरातला पंखा न लावता. पुण्याच्या त्या मोटारीत ३५० बार दाबाने पावणेदोन किलो हायड्रोजन मावत होता आणि मध्यम वेगाने त्यावर सुमारे २५० किलोमीटर जाता येईल, असा अंदाज होता. किलोमागे १४० किलोमीटर धरा. तीच ५५ युनिटं छोट्या बॅटरी गाडीत भरली, तर ती ३०० किलोमीटरच्या पुढे जाते. हा दोष आपल्या शास्त्रज्ञांच्या कारागिरीचा नाही. पाणी फोडताना जवळपास एक तृतीयांश ऊर्जा जाते आणि फ्युएल सेलमध्ये उरलेल्यातली निम्म्याच्या आसपास. विजेचा हायड्रोजन आणि हायड्रोजनची परत वीज, या द्राविडी प्राणायामाची किंमत मोजावीच लागते. हायड्रोजनची खरी जमेची बाजू म्हणजे टाकी काही मिनिटांत भरते.

हायड्रोजन बनवण्यात पाणी संपेल ही भीती मात्र पुणेकराने सोडून द्यावी. एक किलो हायड्रोजनसाठी रासायनिक हिशोबाने ९ लिटर पाणी लागतं. शुद्धीकरण आणि थंडाव्यासाठीचं पाणी धरलं तर त्याहून बरंच जास्त. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे. सगळ्या देशाच्या या लक्ष्याला ९ लिटरच्या हिशोबाने १.६ टीएमसी पाणी पुरतं. एकट्या खडकवासला धरणात जवळपास दोन टीएमसी मावतं. देशाच्या दृष्टीने हा आकडा किरकोळ आहे, फक्त कारखाना दुष्काळी तालुक्यात काढू नये.

स्फोटाचं काय? हायड्रोजन अतिशय हलका. गळती झाली तर पेट्रोलसारखा खाली साचत नाही, वर उडून जातो. उघड्यावर ही सोयच. पण अगदी छोटी ठिणगी त्याला पुरते आणि त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना जवळपास दिसत नाही. जून २०१९ मध्ये नॉर्वेतल्या सांडविका इथल्या हायड्रोजन पंपावर स्फोट झाला, तो टाकीचा एक जोड नीट न बसवल्यामुळे. त्यामुळे सोसायटीच्या बंद तळघरातल्या पार्किंगसाठी सेन्सर आणि हवा खेळती ठेवण्याचे नियम कडकच हवेत.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र वेगळाच आहे: हायड्रोजन म्हटला की तो हरितच. आज जगात बनणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून येतो. वायूपासून एक किलो काढताना साधारण १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारताने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘हरित’ची व्याख्या ठरवली: किलोमागे जास्तीत जास्त दोन किलो. अलिबागजवळ थळला आरसीएफचा खत कारखाना वर्षानुवर्षं नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढून अमोनिया आणि युरिया बनवतो. तिथे बॅटरी काही कामाची नाही, हायड्रोजनच लागतो.

म्हणून माझ्या मते उन्हापासून बनलेला हायड्रोजन आधी खत कारखान्यांना आणि तेलशुद्धीकरणाला द्यावा, मग लांब पल्ल्याच्या ट्रक-बसना. कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या मोटारीचा नंबर शेवटी. तुमच्या गच्चीवर पॅनेल असतील, तर त्यांची वीज सरळ बॅटरीत भरा. आणि हायड्रोजनच्या बसचं पुढचं उद्घाटन पाहाल तेव्हा एवढं जरूर विचारा: टाकीतला हायड्रोजन कशापासून बनवला?