फेरे वाढतात, वेग वाढत नाही

आमच्या एका शिक्षकमित्राने मागल्या वर्षी जुनी मोटार घेण्याचे ठरवले. डाव्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे क्लच दाबणे त्याला जमेनासे झाले होते, म्हणून गाडी आपोआप गिअर बदलणारी हवी होती. पुण्यात बारा वर्षांची एक गाडी मिळाली. रंग चांगला, टायर नवे, मालक सभ्य. ती पाहायला त्याने आम्हाला सोबत नेले. आम्ही मेकॅनिक नाही. पण भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला अशा वेळी काय तपासता येते, हे त्या दिवशी चांगले ध्यानात आले.

आधी एक खुलासा करावा लागेल. विक्रेते ज्याला सरसकट 'ऑटोमॅटिक' म्हणतात, त्यात निदान तीन-चार वेगळ्या रचना असतात. एएमटी म्हणजे साधीच गिअरपेटी. तिचा नेहमीचा कोरडा क्लच पायाऐवजी यंत्र दाबते. भारतात अशा स्वस्त गाड्या २०१४ पासून रुळल्या. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि कप्प्या असतात. तिच्यात गाडी वेग घेत असताना इंजिनाचा आवाज एकाच पट्टीत राहतो, आणि हा दोष नव्हे, तो तिचा स्वभाव आहे. येथे आपण पाहणार आहोत ती तेलावर चालणारी, टॉर्क कन्व्हर्टर असलेली पेटी. आमच्या मित्राच्या गाडीत ती होती आणि तिला चार गिअर होते.

टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा बंदच असू द्या. हवेच्या झोताने दुसराही हळूहळू फिरू लागतो, मात्र पहिल्याइतका वेगाने नाही. हवेऐवजी तेल आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात, अशी कल्पना केली की कन्व्हर्टरचे मूळ तत्त्व हाती येते. जर्मन अभियंता हेर्मान फॉटिंगर याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजाच्या टर्बाइनसाठी! दोन पंख्यांच्या मध्ये तेलाला वळण देणारे तिसरे पाते बसवले की गाडी सुटताना फिरवणारे बल, म्हणजे टॉर्क, जवळजवळ दुप्पटही होतो. म्हणजे कन्व्हर्टरमध्ये थोडे घसरणे हे ठरवूनच ठेवलेले असते. सिग्नलला गाडी गिअरमध्ये असून इंजिन बंद पडत नाही, ते या घसरण्यामुळेच. सपाट रस्त्यावर वेग स्थिरावला की आतला एक क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो आणि घसरणे संपते.

दोष असतो तो त्याच्या पुढे, गिअर बांधणाऱ्या क्लचांमध्ये. लोखंडी चकत्या आणि कागदासारख्या द्रव्याचे अस्तर लावलेल्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. तेलाच्या दाबाने पिस्टन त्यांना आवळतो. समजा, पिस्टनचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटर आहे आणि दाब दर चौरस सेंटीमीटरला ५ किलोग्रॅम. आवळणारे बल ५०० किलोग्रॅम-भार झाले. पिस्टनचे रबरी सील कडक होऊन गळू लागले आणि दाब निम्मा झाला, तर बलही निम्मे होते. चकत्या सपाट रस्त्यावर कशाबशा धरतात, चढावर सुटतात.

आणि सुटल्या की काय होते? टॉर्क १०० न्यूटन-मीटर आणि घसरण मिनिटाला ५०० फेरे धरा. ५०० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे ५२ रेडियन. गुणाकार केला की ५,२०० वॅट येतात. हजार वॅटच्या पाच इस्त्र्यांची उष्णता त्या पातळ अस्तरावर! अस्तर करपते, तेल करपते, सील आणखी कडक होतात, दाब आणखी उतरतो. हा दोष स्वतःच स्वतःला वाढवतो. म्हणून 'थोडीशीच घसरते, चालून जाईल' या म्हणण्याला काही अर्थ नाही.

आम्ही गाडी पाहायला सकाळी गेलो आणि इंजिन गार असल्याची खात्री हात लावून केली. याला कारण आहे. कडक झालेले सील गार असताना गळतात आणि ऊब मिळाली की मऊ होऊन काम भागवतात. याउलट, झिजलेल्या फटींतून गरम, पातळ झालेले तेल अधिक निसटते. तेव्हा काही गाड्या गार असताना घसरतात, काही तापल्यावर. दहा मिनिटांच्या फेरीत यांतली एकच जात सापडेल. विक्रेत्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे.

त्यानंतर तेल. बऱ्याच नव्या पेट्यांना तेल पाहण्याची पट्टी नसते, या गाडीला होती. तेल कोणत्या अवस्थेत मोजायचे ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू आणि गरम असताना मोजतात, काहींत बंद करून. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि फेस दाबला जात असल्याने दाब टिकत नाही. केवळ यामुळे घसरणारी गाडी तेल भरून सुधारू शकते, पण तेल गेले कोठे ते शोधावे लागते. या पेटीत तेल जळून संपत नाही, ते गळतेच. तेल दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरमधले पाणी त्यात शिरले असे समजावे.

रंगावरून निकाल मात्र देऊ नये. नवे तेल बहुधा लाल असते, पण काही जातींची हिरवी, निळीही असतात. आम्ही एक थेंब टिपकागदावर सोडला. चांगले तेल पसरत जाते, करपलेले मध्ये काळा ठिपका ठेवून थबकते. वर्गात शाईचे रंग वेगळे करण्याचा प्रयोग आपण घेतोच, त्याचाच हा भाऊ. आमचा ठिपका तपकिरी होता आणि वासही जरा जळका वाटला. पण हा संशय झाला, पुरावा नव्हे.

पुरावा आकड्यांतून मिळाला. टायरवर १७५/६५ आर १४ असे लिहिले होते. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. टायरची उंची १७५ च्या ६५ टक्के, ती दोन्ही बाजूंनी मिळवली की व्यास ५८३ मिलिमीटर आणि परीघ १.८३ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर, म्हणून चाकाचे फेरे ५४६. या पेटीत तिसरा गिअर थेट, म्हणजे एकास एक, आणि शेवटच्या जोडीचे प्रमाण चारास एक होते. तर ६० च्या वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे २,२०० हवेत. चौथा गिअर बंद ठेवण्याचे बटण दाबून सपाट रस्त्यावर पाहिले. काटा २,२०० च्या किंचित वर स्थिर होता. येथे मित्राचा चेहरा खुलला.

मग जुन्या कात्रज घाटात गाडी घातली. मित्र मागे वही घेऊन बसला. ५० च्या वेगाला तिसऱ्यात हिशेबाने १,८०० फेरे यायला हवेत. चढावर कन्व्हर्टर सुटा होतो, म्हणून त्यावर काही शे फेरे अधिक धरू. ॲक्सिलरेटर दाबला तसा काटा डोलत ३,४०० वर गेला आणि वेग मात्र ४२ वर उतरला. पेटीने आपणहून दुसरा गिअर घेतला असेल काय? ही शंका योग्यच आहे. दुसऱ्याचे प्रमाण दीडास एक होते, म्हणजे ४२ ला २,३०० फेरे. शिवाय गिअर खाली आला तर काटा एकदाच उडी मारून थांबतो आणि गाडी जोर धरते. येथे दोन्ही घडले नव्हते. इंजिन दुबळे असते तर फेरे आणि वेग दोन्ही पडले असते. फेरे चढणे आणि वेग न चढणे हीच घसरण्याची खूण.

दांडा हाताने दुसऱ्यावर आणला. गाडी त्याच चढावर व्यवस्थित ओढू लागली. येथे विद्यार्थ्यांना आवडेल असे तर्काचे काम आहे. सर्व गिअरांत घसरण असती तर कारण सर्वांना सामाईक असते : तेल, गाळणी, पंप, मुख्य दाब. पहिला आणि दुसरा धडधाकट, म्हणजे ही मंडळी बहुतांशी सुटली. उरला तिसऱ्याचा क्लच किंवा त्याच्याकडे जाणारी तेलाची वाट. बऱ्याच रचनांत तोच क्लच चौथ्यातही लागतो, आणि परतताना चौथ्यातही थोड्या चढावर काटा तसाच सुटला. चाचणी आम्ही तेवढ्यावरच थांबवली. दर वेळी अस्तर जळत होते आणि गाडी अजून दुसऱ्याची होती.

ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची एक चाचणी गॅरेजमध्ये करतात. ती आपण करू नये. गाडी हलत नसल्याने इंजिनाची सगळी शक्ती तेल तापवण्यात जाते, आणि ब्रेक सुटला तर समोर कोण उभा असेल ते सांगता येत नाही. संगणकाला जोडायचे छोटे यंत्र मात्र उपयोगी पडते. पेटीच्या आत शिरणारे व बाहेर पडणारे फेरे मोजणारे संवेदक असतात, आणि त्यांचे गुणोत्तर जुळले नाही की पी ०७३० असा संकेत नोंदला जातो. आम्ही वहीत जे केले तेच गाडीचा संगणक सतत करीत असतो.

मालक म्हणाले, 'तेल बदला, ठीक होईल.' शेजारचा गॅरेजवाला म्हणाला, 'जुन्या पेटीचे तेल बदलू नका, बदलले की पेटी बसते.' पहिल्याचे म्हणणे टिकत नाही, कारण नव्या तेलाने गेलेले अस्तर परत येत नाही. दुसऱ्याचा अनुभव खरा असेल, पण लोक तेल बदलायला केव्हा जातात? घसरू लागल्यावर. म्हणजे बसण्याच्या वाटेवर असलेल्या पेट्यांचेच तेल बहुधा बदलले जाते, आणि दोष तेल बदलण्यावर येतो. दवाखान्यात माणसे अधिक मरतात म्हणून दवाखाना वाईट, असे म्हणण्यासारखेच हे झाले.

मालकांनी फसवले असे आम्हाला वाटत नाही. त्यांची गाडी घर ते कचेरी अशी सपाट रस्त्यावर, गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरात चालत असे. वहीतले आकडे दाखवल्यावर ते स्वतः आमच्याबरोबर पेटीचे काम करणाऱ्याकडे आले. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक निघाला. त्यांनी तेवढी किंमत उतरवायची तयारी दाखवली, पण पेटी उघडल्यावर आत आणखी काय निघेल याची हमी कोणी देईना. मित्राने ती गाडी सोडली. चार महिन्यांनी दुसरी घेतली, आणि त्या वेळी टायरचा परीघ त्याने घरूनच काढून आणला होता.