निर्भय वाट

मूल सकाळीं शाळेस निघालें म्हणजे "रस्त्यानें जपून जा हो!" असें आई दारांतून सांगतेच. उपदेश योग्य आहे. परंतु सात-आठ वर्षांच्या मुलानें किती म्हणून जपावें? त्याच्या रक्षणाचें कांहीं काम रस्त्यानेंहि केलें पाहिजे. तें कसें, हें नेदर्लंड्समधील हाउटन ह्या लहानशा शहरावरून चांगलें समजतें.

नेदर्लंड्स हा सायकलींचा देश खरा. पण दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें मोटारी झपाट्यानें वाढल्या. १९७१ सालीं अपघातांत सुमारें ३,३०० माणसें प्राणांस मुकलीं; त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबाप स्वस्थ बसले नाहींत. "बालहत्या थांबवा" ह्या नांवाची चळवळ त्यांनीं उभारली.

ह्या चळवळीच्या थोडें आधींच, १९६८ च्या सुमारास, रॉब डर्क्स ह्या रचनाकारानें हाउटनचा आराखडा केला होता. त्यांतील युक्ति अगदीं सोपी आहे. शहराभोंवतीं एक मोठा वर्तुळाकार रस्ता आहे. मोटारीस एका वस्तींतून दुसऱ्या वस्तींत जावयाचें असल्यास बाहेर पडून ह्या रस्त्यानें वळसा घालावा लागतो. सायकलस्वार व पादचारी मात्र मधल्या वाटेनें सरळ जातात, आणि बऱ्याच शाळा ह्याच वाटेच्या कडेला आहेत. अर्थात् जवळचा मार्ग मुलांस, लांबचा मोटारीस!

वस्तींतील रस्त्यांवर वेगाची मर्यादा ताशीं ३० किलोमीटर असते. ह्याचें कारण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस सहज कळेल. धांवत्या वस्तूची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून ताशीं ५० किलोमीटर वेगाच्या गाडीचा आघात ३० च्या मानानें सुमारें पावणेतीन पट असतो. ब्रेक लागल्यावर थांबण्याचें अंतरहि तितकेंच वाढतें.

आज हाउटनची वस्ती पन्नास हजारांच्या घरांत आहे. २००८ व २०१८ सालीं तें देशांतील उत्तम सायकल-शहर ठरलें.

जुनें गांव मोडून नवें वसवितां येत नाहीं, हें खरें. तथापि शाळेसमोर वाहनांचा वेग आवरणें आणि पायवाट मोकळी ठेवणें कोणत्याहि गांवास शक्य आहे. पालकांनीं तशी मागणी नगरपालिकेकडे करावी. विद्यार्थ्यांनीं आपली सायकल पायवाटेवर आडवी लावूं नये. मग आईच्या त्या उपदेशांत काळजी थोडी कमी आणि माया तेवढी उरेल.