आकाशमार्गाचे अंतर

दोन शहरांमधले विमान-अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून त्यांना जोडणाऱ्या सर्वांत आखूड रेषेची लांबी. ते काढायला दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश पुरतात.

वसई तालुक्यातले कळंब सुमारे 19.41 उत्तर अक्षांश आणि 72.76 पूर्व रेखांशावर आहे. मुंबई विमानतळ 19.09 आणि 72.87 वर. अक्षांशाचा एक अंश साधारण 111 किलोमीटरचा, म्हणून 0.32 अंशांचे 36 किलोमीटर झाले. रेखांश ध्रुवांकडे जाताना एकमेकांजवळ येतात, त्यामुळे रेखांशाच्या अंशासाठी 111 ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. कळंबपाशी एक अंश 105 किलोमीटरचा भरतो आणि 0.11 अंशाचे 12 किलोमीटर होतात. पायथागोरसच्या नियमाने उत्तर येते 38 किलोमीटर. मोटारीला मात्र वसईची खाडी आडवी येते आणि महामार्गावरच्या वर्सोवा पुलावरून वळसा पडतो.

मुंबई-नागपूर अंतरही याच रीतीने 680 किलोमीटरच्या आसपास निघते. एवढ्या टप्प्यात पृथ्वी सपाट धरली तरी फारसे बिघडत नाही. न्यूयॉर्कसाठी ती सोय उरत नाही. तिथे दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा. त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइन आणि रेखांशांमधल्या फरकाची कोसाइन यांचा गुणाकार मिळवायचा. येणारी संख्या ज्या कोनाची कोसाइन असेल, तेवढा कोन ही दोन शहरे पृथ्वीच्या केंद्रापाशी करतात. मुंबई-न्यूयॉर्कसाठी तो 112.7 अंश, म्हणजे सुमारे 12,530 किलोमीटर.

ही सर्वांत आखूड रेषा ज्या वर्तुळाचा भाग असते, त्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्रावरच असते. त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात. भिंतीवरच्या मर्केटर नकाशात पट्टी ठेवून मुंबई-न्यूयॉर्क जोडले तर रेघ अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून जाते. सरळ दिसणारी ती वाट प्रत्यक्षात सुमारे 14,200 किलोमीटरची. खरी जवळची वाट पाकिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, स्वीडन आणि आइसलँडवरून जाते. अमेरिकेला जाणारे विमान आधी उत्तरेकडे का वळते, हे पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिले की लगेच पटते. शाळेत हा प्रयोग अवश्य करून दाखवावा.

या हिशेबात पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6,371 किलोमीटर धरलेली असते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडतो. अधिक काटेकोर सूत्रे तोही भरून काढतात. वैमानिक अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल 1,852 मीटरचा, म्हणजे अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा.

विमान प्रत्यक्षात कापते ते अंतर गणितापेक्षा जास्तच असते. धावपट्टीची दिशा, ठरलेले हवाई मार्ग, वादळे आणि उतरण्यापूर्वीच्या घिरट्या त्यात भर घालतात. वारा अनुकूल असेल तर लांबची वाटही कमी वेळात आणि कमी इंधनात पार पडते. हद्दींचा परिणाम सर्वांत मोठा. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानांना दक्षिणेकडे अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला.