बांडगूळ नव्हे, आमरी!

आंब्याच्या फांदीवर ‘सीतेची वेणी’ दिसली की बांडगूळ समजून कोयत्याने खरवडणारे आजही भेटतात. दोन्हींच्या मुळांचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर हा समज टिकत नाही. बांडगुळाचे शोषक मूळ सालीतून आत शिरून झाडाच्या जलवाहिन्यांना जोडले जाते. सलाईनची सुई शिरेत जावी तसे. आमरीचे मूळ सालीला नुसते चिकटलेले असते. त्यावर मृत पेशींचे स्पंजासारखे थर असतात, त्यांना व्हेलामेन म्हणतात. पाऊस पडताच ते पाणी टिपून घेतात. कोरडे मूळ रुपेरी दिसते. भिजले की आतले हरितद्रव्य दिसू लागते आणि ते हिरवे होते.

साऱ्या आमरी मात्र एका घडणीच्या नाहीत. सह्याद्रीतल्या डेंड्रोबियम बार्बाट्युलमचे खोडच फुगीर असते. कोरड्या दिवसांत पाने गाळून ती त्या साठ्यावर तगते, आणि वर निष्पर्ण खोडावर पांढरी फुले मिरवते! सीतेच्या वेणीला असे फुगीर खोड नाही. तिची सारी मदार जाड पानांवर आणि मांसल मुळांवर.

वांडा टेसेलाटा वेणीच्याच घडणीची. दुर्दैवाने तिची मुळेच काही भागांत सांधेदुखीवर ‘रास्ना’ म्हणून विकली जातात. आयुर्वेदीय औषधिकोशातली रास्ना म्हणजे प्लुशिया लॅन्सिओलाटा, शेवंतीच्या कुळातली वेगळीच वनस्पती. काढा घेणाऱ्या रुग्णांना मी म्हणूनच पुडी सोबत आणायला सांगतो. मुळाचा अख्खा तुकडा असेल, तर छेदात व्हेलामेन ओळखू येते. पूड झाली की काम अवघड.